संघ नीट बांधा, पथक आपोआप उभं राहील

गाइडचे, म्हणजे स्काउट-गाइड चळवळीतल्या मुलींचे, नऊ नियम पाठ व्हायला मुलींना फार वेळ लागत नाही. विश्वासू, निष्ठावान, सर्वांची मैत्रीण, विनम्र, निसर्गप्रेमी, शिस्तप्रिय, साहसी, काटकसरी, मन-वचन-कृतीने शुद्ध. ते अंगी बाणतात मात्र संघात, म्हणजे पथकातल्या छोट्या गटात. १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी गर्ल गाइड्स संघटनाही तिच्यात विलीन झाली. तेव्हापासून आजवर या कामाचा कणा आहे सहा ते आठ मुलींचा संघ.

पथकात बत्तीस मुली असल्या आणि सगळ्या जणी गाइड कॅप्टनसमोर (पथक चालवणाऱ्या बाईंसमोर) ओळीत उभ्या राहून सूचना ऐकत असल्या, तर ती नुसती कवायत झाली. चार संघ करा. प्रत्येक संघाला फुलाचं नाव, ठरलेला कोपरा आणि स्वतःचं साहित्य द्या. संघनायिका निवडताना मुलींचं मत घ्या. वर्गातली पहिली मुलगी थेट नेमली, तर बाकीच्या तिला बाईंची माणूस समजतात आणि गप्प बसतात.

मग कामं वाटा: एकीकडे साहित्य, एकीकडे हिशेब, एकीकडे नोंदवही, एकीकडे प्रथमोपचार पेटी. दोर मोजून परत ठेवणारी मुलगी विश्वासू असण्याचा अर्थ कोणी न सांगता शिकते. वर्गणीचा जमाखर्च दर महिन्याला संघासमोर वाचणारीला काटकसर वेगळी शिकवावी लागत नाही. ही कामं दर काही महिन्यांनी बदलायलाच हवीत, नाहीतर हिशेब कायम एकीच्याच गळ्यात पडतो.

गाठीसुद्धा संघनायिकेनेच शिकवाव्यात. दोन टोकं जोडणारी रीफ नॉट ही गाठ घ्या: आधी उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की गाठ वाकडी बसते आणि ताण आल्यावर सरकते. बरोबर बांधलेल्या गाठीत प्रत्येक बाजूचे दोन्ही पदर फाशातून एकाच अंगाने बाहेर येतात, एवढं तपासलं की पुरे. ती सपाट बसते, टोचत नाही, सहज सुटते, म्हणून प्रथमोपचारातली त्रिकोणी पट्टी तिनेच बांधतात. जाड आणि बारीक दोर जोडायला मात्र ती कामाची नाही, तिथे शीट बेंड ही गाठ हवी. आठ जणींत एकच दोर फिरवला तर कोणालाच गाठ येत नाही. प्रत्येकीच्या हातात स्वतःचा दोर असू द्या.

गाइड होताना दीक्षेच्या वेळी जे वचन घेतात, त्यात ‘शक्य तितका प्रयत्न करीन’ हे शब्द आहेत, त्यांबद्दल दीक्षेपूर्वी मुलींशी नीट बोला. चुकणार नाही, असं वचन कोणी मागितलेलं नाही. ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मोकळीकही आहे, तीही सांगा.

प्रथम, द्वितीय, तृतीय सोपानाच्या (गाइड प्रशिक्षणाच्या टप्प्यांच्या) नोंदी परीक्षेच्या आदल्या रात्री भरून घेणं हे सगळ्यात मोठं नुकसान. प्रत्येक सभेनंतर पाच मिनिटं नोंदवहीला द्या. शिबिरात स्वयंपाक, पाणी, सरपण, सफाई ही कामं संघांकडे दररोज आलटून पालटून जाऊ द्या. चांगला स्वयंपाक करणारा संघ रोज चुलीपाशी अडकला, तर बाकीच्या मुली भांडी घासण्यापलीकडे काही न शिकता घरी जातात.