दगड उचलायच्या आधी

उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात विहिरी खोल करायची घाई सुरू होते. पाऊस यायच्या आत काम उरकायचं म्हणून डबर वर ओढणारी यारी दिवसभर घरघरत असते, आणि काठाचा मुरूम सैल झालाय याकडे कुणाचं लक्ष नसतं. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास असाच एक काठ ढासळला. तळात डबर भरणारा तिशीतला गडी अडकला, दोन्ही मांड्यांवर शिळा. १०८ ची गाडी पोचली, पण माणूस निघेना, म्हणून ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टर म्हणून मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा दीड वाजत आला होता.

काठावर अख्खं गाव जमलेलं. "मॅडम, गडी ठणठणीत आहे, बोलतोय. चेन-पुली बसली की दहा मिनिटांत बाहेर." मला धास्ती होती ती नेमकी या दहा मिनिटांची.

यारीच्या बादलीत बसून खाली उतरले. तो खरंच बोलत होता. नाडी जलद, बीपी बरं. "पाय दुखत न्हाईत मॅडम, बधिर झाल्यात निस्ते." पावलं गार, नखं पांढरी. आणि हातात शहाळं! वरून कुणीतरी मायेनं पाठवलेलं. मी ते काढून घेतलं तसा शेजारी बसलेला त्याचा भाऊ भडकला, "सकाळपासनं उपाशी हाय त्यो!" शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि या माणसाचा जीव घेणार असलं तर पोटॅशियमच. पण ते विहिरीच्या तळाशी कसं समजावणार? "जगवायचाय ना त्याला? मग राहू द्या," एवढंच म्हणाले.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजीची सुरुवातच पेशींना होणाऱ्या इजेपासून होते. परीक्षेपुरतं सगळे घोकतात आणि विसरतात. इथे तो धडा समोर दगडाखाली पडला होता. दाबामुळे स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, ऑक्सिजन संपतो, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, एटीपी हे तिचं इंधन तयार व्हायचं थांबतं. पेशीच्या आवरणातले सोडियम बाहेर फेकणारे पंप त्या एटीपीवरच चालतात. वीज गेली, मोटार बंद पडली की विहिरीत पाणी चढतं, तसं पेशीत सोडियम आणि त्यामागून पाणी शिरतं, पेशी फुगते. इथवर परतीची वाट असते. रक्त वेळेत परत आलं तर फुगलेली पेशी पूर्ववत होते, आणि स्नायूंना साधारण दोन तासांपर्यंत ही सवलत मिळते. पुढे कॅल्शियम आत घुसतं. एरवी पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी राखलेलं असतं. ते वाढलं की पेशीचीच एन्झाइम्स जागी होतात आणि तिची प्रथिनं, तिचं आवरण फाडायला लागतात. आवरण फाटलं की संपलं. चार ते सहा तासांत बहुतेक स्नायू या टोकाला पोचतो. आमचा गडी चौथ्या तासात होता.

आणि तरीही तो बोलत होता, कारण मेलेल्या पेशींतलं विष दगडानं मांडीतच अडवून धरलं होतं. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास असतं, रक्तात साडेतीन ते पाच. दगड उचलला की हा साठा थेट हृदयाकडे निघतो, आणि एवढं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. शिवाय परत आलेलं रक्तही निव्वळ भलं करत नाही. ऑक्सिजनबरोबर फ्री रॅडिकल्स नावाचे जहाल रेणू तयार होतात आणि काठावर असलेल्या पेशीही जातात. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना बायवॉटर्स आणि बील यांनी अशाच माणसांची हकीकत लिहून ठेवली: ढिगाऱ्यातून बरी निघालेली, आणि नंतर मूत्रपिंडं निकामी होऊन गेलेली.

म्हणून मी हट्ट धरला, आधी सलाईन, मग दगड, म्हणजे सुटणारं विष पातळ होऊन लघवीवाटे धुतलं जाईल. दोन्ही हातांना हिरवे व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत घालायच्या जाड नळ्या, लावले, नॉर्मल सलाईन धो धो सोडलं. गाडीत आरएल (रिंगर लॅक्टेट) या दुसऱ्या सलाईनच्या बाटल्याही होत्या, पण त्यात थोडं का होईना पोटॅशियम असतं, त्यांना हात लावला नाही. वरून शिव्या सुरू झाल्या. "माणूस मरायला लागलाय आन् ही बाई बाटल्या लावत बसलीय!" सरपंच मात्र शहाणा निघाला, त्यानं चेन-पुलीवाल्याला मी सांगेपर्यंत थांबवून धरलं. एक लिटर आत गेलं, दुसरं सुरू झालं, छातीला मॉनिटरचे स्टिकर लागले, तेव्हा मी हात वर केला.

दगड उठला. लोकांनी जल्लोष केला. मी मॉनिटरकडे बघत होते. माणूस बादलीतून वर गेला, गाडीत चढवला, आणि गाडी डांबरी रस्त्याला लागायच्या आत ईसीजीतल्या टी लहरी उंच, टोकदार व्हायला लागल्या, क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लहर) रुंदावला. पोटॅशियम हृदयापर्यंत पोचलं होतं. कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून दिलं. ज्या कॅल्शियमनं मांडीच्या पेशी संपवल्या तेच हृदयाच्या पेशींची आवरणं काही वेळ स्थिर ठेवतं, हे मला आजही अजब वाटतं. पोटॅशियम त्यानं कमी होत नाही, म्हणून पाठोपाठ इन्सुलिन-डेक्स्ट्रोज आणि साल्बुटामॉलची वाफ, म्हणजे ते पुन्हा पेशींत ढकललं जाईल. क्यूआरएस अरुंद झाला. मांड्या मात्र डोळ्यांदेखत सुजत होत्या, पँट कात्रीनं कापावी लागली.

जिल्हा रुग्णालयात कॅथेटर घातला तर लघवी काळ्या चहासारखी. पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह, मायक्रोस्कोपखाली तांबडी पेशी एकही नाही. म्हणजे मायोग्लोबिन, स्नायूंचा रंग. आम्लधर्मी लघवीत ते मूत्रपिंडाच्या नलिकांत थिजून बसतं, नलिकांच्या पेशींना जाळतं. सीपीके, म्हणजे फाटलेल्या स्नायूंतून रक्तात येणारं एन्झाइम, लाखाच्या पुढे. सलाईन लवकर सुरू झालं तरी मूत्रपिंडं बसलीच, डायलिसिस लागलं.

त्याच्या बायकोला वाटलं, मूत्रपिंडं गेली म्हणजे आता जन्माचं डायलिसिस. तसं नसतं. नलिकांच्या पेशी मरतात, पण शेजारच्या उरलेल्या पेशी विभागून जागा भरून काढतात. त्यांना दोन-तीन आठवडे मिळवून द्यायचे, एवढंच डायलिसिसचं काम. पुढे लघवी सुरू झाली ती अशी की ती बिचारी सिस्टरला म्हणाली, "आता थांबना झालीय, काहीतरी औषध द्या."

स्नायूंचं तसं झालं नाही. जिथे मोठा भाग मेला तिथे पांढरी चिवट ऊती भरली, आणि दाबलेल्या नसेमुळे उजवं पाऊल उचलत नाही. मध्यंतरी तो ओपीडीत आला, पायाला स्प्लिंट, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी नॉर्मल. काम काय करतो विचारलं तर म्हणाला, यारी चालवतो. बसून करायचं काम आहे, आणि मजुरीही जास्त मिळते.