आताकामातला काळा लामा

पहिल्या रात्री मला लामा काही केल्या दिसेना. लामा म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आंदेस पर्वतातला, उंटाच्या कुळातला प्राणी; हा मात्र आकाशातला. सान पेद्रो दे आताकामा गावाच्या दिव्यांपासून दूर, उघड्या माळावर आम्ही दहा-बारा जण माना वर करून उभे होतो. जून महिना, म्हणजे चिलीतला ऐन हिवाळा. बोटं गारठून गेली होती आणि डोक्यावरची आकाशगंगा इतकी ठसठशीत होती की तिच्या कडा बोटाने गिरवता याव्यात.

"तारे जोडत बसू नका," आमच्या वाटाड्याने सांगितलं. "ताऱ्यांच्या मधलं काळं बघा."

मग तो एकदम दिसला. नरतुरंग तारकासमूहातले मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे म्हणजे त्याचे डोळे. पुढे लांब काळी मान, आणि वृश्चिकाच्या दिशेने पसरत गेलेलं काळं अंग. आंदेसच्या लोकांनी आकाशगंगेतल्या अंधाराचेही प्राणी केले आहेत. त्रिशंकू तारकासमूहाच्या शेजारचा काळा डाग हा त्यांचा एक पक्षी. मी इतकी वर्षं आकाश बघते आहे, पण ते डाग मी कायम 'इथे काही नाही' म्हणून सोडून दिले होते. खरं तर तिथे धूळ आणि वायू यांचे प्रचंड ढग आहेत. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश ते अडवतात, म्हणून ती जागा आपल्याला रिकामी वाटते.

आणि मी सान पेद्रोला आले होते ते नेमकी हीच धूळ बघणाऱ्या दुर्बिणीसाठी.

आल्मा. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ आत्मा. 66 अँटेना मिळून ही एक दुर्बीण होते. युरोप, उत्तर अमेरिका आणि पूर्व आशिया यांनी चिलीच्या सहकार्याने ती उभारली आणि मार्च 2013 मध्ये तिचं उद्घाटन झालं. आधी नाव नोंदवलेल्या लोकांना सान पेद्रोहून बसने घेऊन जातात. अँटेना आहेत चाहनान्तोरच्या पठारावर, सुमारे 5000 मीटर उंचीवर. तिथे हवा इतकी विरळ की पाहुण्यांना वर नेत नाहीत. आम्हाला 2900 मीटरवरच्या तळापर्यंतच जायला मिळालं. वाईट वाटलं, पण तळावरच्या पायऱ्या चढतानाही छाती धपापत होती, तेव्हा तक्रार करायला तोंड नव्हतं.

इतक्या उंचावर आणि इतक्या कोरड्या जागी जायचं कारण पाण्याची वाफ. आल्मा ज्या लहरी टिपते त्यांची लांबी मिलिमीटरच्या आसपास असते, आणि हवेतली वाफ त्या वाटेतच गिळून टाकते. चाहनान्तोरवर चांगल्या दिवशी डोक्यावरच्या अख्ख्या हवेतली वाफ पाणी करून पसरली, तर थर एक मिलिमीटरही भरत नाही.

एक अँटेना दुरुस्तीसाठी खाली आणलेली होती. 12 मीटर व्यासाची तबकडी, शंभर टनांच्या आसपास वजन. मी तिच्या अगदी खाली उभी राहिले. पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत नाही, मंद, दुधी. पण तो अपेक्षित आकारापासून 25 मायक्रोमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये, म्हणजे केसाच्या जाडीच्याही निम्म्याहून कमी. हे सगळं वाळवंटातल्या उन्हात, वाऱ्यात आणि रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत सांभाळायचं. आतला ग्राहक, म्हणजे लहरी टिपणारं यंत्र, वजा 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात. ढगातली धूळ मुळात इतकी गार असते की तिच्याकडून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो. ऐकणारं यंत्रच गरम असेल, तर त्याच्या स्वतःच्या गोंगाटात तो बुडून जाईल.

या अँटेना इकडून तिकडे हलवणारी दोन वाहनं आहेत. 28-28 चाकांची, 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद. त्यांना नावं आहेत, ओटो आणि लोरे. अँटेना जवळजवळ मांडल्या की मोठा, पसरट ढग नीट दिसतो. 16 किलोमीटरपर्यंत पांगवल्या की बारीक तपशील उमटतो. मांडणी बदलली की दुर्बीणच बदलते. ही कल्पना मला फार आवडते.

आतल्या एका भिंतीवर एचएल टाउरीचं चित्र होतं. संगणकावर मी ते कितीदा पाहिलंय, पण इतक्या मोठ्या आकारात बघताना पाय हलेनात. हा तारा वृषभ तारकासमूहात, सुमारे 450 प्रकाशवर्षांवर. वय 10 लाख वर्षांहूनही कमी, म्हणजे तान्हं बाळ. 2014 साली अँटेना लांबवर पांगवून त्याचं चित्र घेतलं तेव्हा भोवतीच्या धुळीच्या तबकडीत एकात एक कडी आणि त्यांच्या मधल्या काळ्या फटी स्वच्छ दिसल्या. जन्माला येणारे ग्रह वाटेतली धूळ गोळा करत, ढकलत अशा फटी पाडत असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इतक्या कोवळ्या ताऱ्याभोवती हे इतक्या लवकर सुरू होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ग्रह बनायला किती वेळ लागतो, हा हिशेब त्यानंतर पुन्हा मांडावा लागला.

साध्या प्रकाशात हा तारा धुळीत गुरफटलेला दिसतो. धुळीचे कण अगदी बारीक, त्यामुळे दृश्य प्रकाश त्यांच्यात अडकतो. मिलिमीटर लहरी मात्र आरपार येतात आणि थंड धूळ स्वतःही त्याच लहरींत मंद उजळते. म्हणजे डोळ्यांना जो पडदा, तोच आल्माला दिवा.

आमच्यातल्या एका शाळकरी मुलीने विचारलं, "सगळ्यात लांबचं काय दिसलंय?" उत्तरात जेड्स-जीएस-झेड14-0 या दीर्घिकेचं नाव आलं. तिचा प्रकाश 1340 कोटी वर्षं प्रवास करून आला आहे. तेव्हा विश्व जेमतेम 30 कोटी वर्षांचं होतं. 2025 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी आल्माच्या निरीक्षणांतून तिच्यात ऑक्सिजन सापडल्याचं जाहीर केलं. ऑक्सिजनची ती लहर निघाली तेव्हा 88 मायक्रोमीटरची होती. विश्व पसरत गेलं, लहरही ताणत गेली आणि चाहनान्तोरला पोचली तेव्हा सुमारे 1.3 मिलिमीटरची झाली होती. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटातच शिजतो. म्हणजे त्याआधी ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जगून, संपलेली होती. मुलगी बोटांवर काहीतरी मोजत बराच वेळ गप्प बसली.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात मात्र पीडीएस 70 घोळत होता. जेमतेम 54 लाख वर्षांचा तारा, त्याच्याभोवती दोन वाढते ग्रह. त्यांतल्या एकाभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडी आहे, हे आल्माने 2021 मध्ये पक्कं केलं. तिची रुंदी पृथ्वी ते सूर्य या अंतराएवढी, आणि तिच्यात माल इतका की आपल्या चंद्राएवढे तीन चंद्र होतील. चंद्र घडायची जागा इतकी स्पष्ट प्रथमच दिसली. एचएल टाउरी जूनमध्ये दिसायचा नाही, सूर्य वृषभातच असतो. पण पीडीएस 70 नरतुरंगात आहे.

त्या रात्री नऊच्या सुमाराला मी पुन्हा त्याच माळावर गेले, एकटीच. लामा आता लगेच सापडला. दक्षिणेकडे त्याचे दोन डोळे लकाकत होते. हात लांब करून मित्रापासून माथ्याच्या दिशेने एक वीत मोजली. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. थंडी असह्य होईपर्यंत मी त्याच जागेकडे बघत उभी होते.