यासाठी हात धुवायचे का?

पहाटे पाचला माझे दोन्ही हात कणकेत असतात. डोंबिवलीत घरगुती डब्यांचं काम करते. २८ डबे, प्रत्येकात तीन म्हणजे ८४ पोळ्या, आणि पहिला डबा सातच्या आत दाराबाहेर पडावा लागतो. नेणाऱ्याची लोकल काही माझ्यासाठी थांबत नाही. आणि "काकू, आज डबा नको", "काकू, आज दोन द्या" हे निरोप नेमके याच वेळात येतात. फोन फ्रीजवर, मी ओट्याशी. वर्षभर मी कोपराने, आणि एकदा तर चक्क नाकाने स्क्रीन उघडली. ते पाहून लेकीने दिवाळीत स्मार्टवॉच आणून दिलं. "निरोप मनगटावर दिसेल, हात धुवायला नको."

दिसला खरा. पण आधी सोसायटीच्या ग्रुपवरचं सुप्रभात दिसलं. घड्याळावर चित्र उमटत नाही, नुसतं "फोटो" एवढंच येतं. म्हणजे कुणाचा तरी, कशाचा तरी फोटो आला आहे हे कळायचं आणि पुढचं पाहायला फोनच उघडावा लागायचा. मग कुठल्याशा दुकानाचा सेल, मग हवामान, मग कसलंसं ॲप अपडेट होत होतं त्याचे ३४ टक्के, ३५ टक्के, ३६ टक्के. प्रत्येक टक्क्याला मनगट थरथरतंय! पाच पोळ्या लाटून होईतो अकरा वेळा थरथरलं. सहावी पोळी करपली.

वैतागून घड्याळाच्या ॲपमध्ये गेले आणि यादीतलं सगळं बंद केलं. फोन आणि व्हॉट्सॲप तेवढं ठेवलं. दुसरा दिवस अगदी शांत गेला. मी खूश. साडेसातला एक गिऱ्हाईक दारात उभं: "काकू, मी दोन सांगितले होते ना?" खरंच सांगितले होते, ५ वाजून ४० मिनिटांनी. घड्याळाने अवाक्षर काढलं नव्हतं. माझ्या वाट्याची पोळी-भाजी त्याच्या दुसऱ्या डब्यात गेली.

झालं होतं असं, की डब्यांचे निरोप मी व्हॉट्सॲप बिझनेसवर घेते. नंबर वेगळा, ॲपही वेगळं. घड्याळाच्या यादीत पंधराएक ठरावीक नावं होती. त्यात साधं व्हॉट्सॲप होतं, बिझनेस नव्हतं. यादीच्या तळाशी "इतर" असं एक बटण होतं, आणि ज्याचं नाव यादीत नाही ते सगळं त्यात कोंबलेलं. "इतर" सुरू केलं तर बिझनेस येतं, पण त्याच्या मागोमाग सेल, हवामान आणि टक्केवारीची वरातही येते. बंद केलं तर गिऱ्हाईक दारात.

नाशिकच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, तू उलट्या टोकाने सुरुवात केलीस. घड्याळाला स्वतःचं काही कळत नाही. तू त्याच्या ॲपला नोटिफिकेशन वाचायची परवानगी दिलीस ना? ते फोनवर जे येतं तेच वाचतं आणि पुढे ढकलतं. जे फोनवरच येणार नाही, ते घड्याळावर कुठून येईल?"

मग फोनच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या पानावर गेले. तिथे ॲपची यादी जास्त वेळा येणाऱ्यांप्रमाणे लावता येते आणि कोण दिवसाला साधारण किती वेळा येतं तेही दिसतं. पहिल्या नंबरवर कोण असावं? दोन वर्षांपूर्वी मिक्सरच्या भांड्याचं झाकण मागवलं होतं ते खरेदीचं ॲप. एका झाकणापायी रोज नऊ वेळा हाका! तिथेच नोटिफिकेशनची हिस्टरी पण सुरू करता येते, अँड्रॉइड ११ पासून ती सोय आहे. ती सुरू करून एक दिवस तशीच राहू दिली. रात्री पाहिलं तर दिवसभर कोण कोण दार वाजवून गेलं त्याची अख्खी वही तयार.

त्या वहीतल्या एकेका नावाला मी एकच प्रश्न विचारला: यासाठी मी कणकेचे हात धुईन का? झाकणवाला, नाही. हवामान, नाही, पावसाची बातमी मला खिडकी देते. बातम्यांची दोन्ही ॲप्स, नाही. पैसे घ्यायच्या ॲपपाशी मात्र अडले. ते एकदम बंद करायचा धीर होईना. पण ॲपच्या नावावर दाबलं की आत त्याच्या सूचनांचे प्रकार वेगळे दिसतात (अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून हे आहे, आणि मला आत्ता कळतंय). ऑफर आणि बक्षिसांचे प्रकार बंद केले, व्यवहाराचा ठेवला. एकूण १९ ॲप्सची तोंडं अशी मिटली. मग घड्याळाकडे वळले: "इतर" सुरू आणि साधं व्हॉट्सॲप बंद. जाऊबाई, सोसायटी, शाळेच्या मैत्रिणी सगळ्या आठनंतर. कुणाचं अगदीच अडलं तर फोन करतील, आणि फोन घड्याळावर वाजतोच. बिझनेसवरसुद्धा एका इमारतीचा ग्रुप होता. तो अर्काइव्ह केला, म्हणजे चॅटच्या यादीतून बाजूला ठेवला. आता त्यात कुणी माझं नाव घेऊन लिहिलं किंवा मला उत्तर दिलं तरच कळतं.

एसएमएसही घड्याळावर बंद. पैसे आले का हे आठनंतर पाहिलं तरी चालतं. शिवाय एकदा लिफ्टमध्ये चार माणसांसमोर माझ्या मनगटावर ओटीपी उजळला होता. तेव्हापासून मला ती सोय नकोच वाटते. जाहिरातींच्या एसएमएसचा उपाय तर घड्याळाशिवायही करता येतो. १९०९ वर इंग्रजी अक्षरांत स्टार्ट आणि पुढे शून्य असं लिहून पाठवायचं. बँकेचे निरोप आणि ओटीपी त्याने अडत नाहीत.

चौथ्या पहाटे परत सामसूम. यादी जशीच्या तशी, निरोप मात्र एकही नाही. सहाला सहज घड्याळाचं ॲप उघडलं तर तीन निरोप एकामागोमाग धडकले. माझीच खोड नडली. रोज रात्री झोपताना मी फोनवरची उघडी ॲप्स ओटा आवरल्यासारखी झाडून टाकायचे, त्यात घड्याळाचं ॲपही जायचं. उरलंसुरलं काम फोनच्या बॅटरी-बचतीने केलं होतं. आता त्या ॲपला बॅटरीच्या पानावर कसलंही बंधन नाही, ऑटोस्टार्ट, म्हणजे आपोआप सुरू व्हायची मुभा, सुरू आहे, आणि आवराआवर फक्त ओट्याची.

काल पाच ते सात या वेळात घड्याळ चारदा थरथरलं. एक डबा नको. एक डबा जास्त. एकाला भाजी कमी तिखट. चौथ्यांदा मनगट वळवून पाहिलं तर घड्याळ स्वतःच बोलत होतं: तुम्ही बराच वेळ बसून आहात, जरा उठा. पावलं पडली नाहीत म्हणजे मी बसले आहे, असा त्याचा हिशेब. ते बटण नोटिफिकेशनच्या यादीत नाही, आरोग्याच्या पानावर आहे. तिथे जायचं होतं, पण तव्यावर पोळी होती.