आमची वाटचाल: मासळीच्या फ्रीजरपासून लशींच्या फ्रीजपर्यंत

फोंड्यात आमचं दुकान सुरू झालं ते फ्रीज-एसी दुरुस्तीचं. गिऱ्हाईक म्हणजे मासळीवाले, बार, आइस्क्रीमवाले आणि लग्नसराईत केटरर. गोव्यात या धंद्याला काम कमी पडत नाही. किनाऱ्याकडे खाऱ्या हवेने कंडेन्सरची कॉइल लवकर सडते, आणि पावसाच्या तोंडावर लाईट ये-जा करू लागली की कॉम्प्रेसर उडतात. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच सगळं बघायचो.

लशींकडे आम्हाला वळवलं ते बालरोगतज्ज्ञांनी. फ्रीज थंड आहे एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. रात्रभर तो किती अंशांवर होता, हे त्यांना हवं असायचं. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाची मोहीम देशात पहिल्यांदा ज्या पाच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली, त्यांत गोवा होता. त्या दिवसांत लस नीट ठेवलेली असते ना, हे पालकही विचारू लागले. डॉक्टरांनी तो प्रश्न आमच्याकडे आणला आणि आम्ही शिकायला बसलो. डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवत राहणारी छोटी यंत्रं, घेतले, तापमान तपासून प्रमाणित करून घेण्याची शिस्त लावली, आणि हळूहळू तेच मुख्य काम झालं.

गोवर-रुबेला, एमएमआर, बीसीजी, कुत्रा चावल्यावर माणसांना देतात ती रेबीजची लस, या सगळ्या बाटलीत कोरड्या येतात. लस आधी गोठवतात, मग निर्वातात तिच्यातल्या बर्फाची थेट वाफ करून पाणी काढून घेतात. सोबत साखर, सॉर्बिटॉल, जिलेटिन असे पदार्थ घातलेले असतात. पाणी गेलं की त्यांचा काचेसारखा घट्ट थर होतो आणि विषाणू किंवा जिवाणू त्यात जखडून राहतो. हालचाल थांबली की नासणंही मंदावतं. उष्णता वाढली किंवा ओल शिरली की हाच थर मऊ पडतो. म्हणून कारखान्यात उरलेली ओल साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवतात. रबरी बूचसुद्धा वाळवून घेतात, कारण बुचातली ओल साठवणीच्या काळात पावडरीत उतरत राहते. हे समजलं तेव्हा एवढ्याशा बुचाकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

१९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियर यांनी देवीची लस अशी वाळवून दाखवली आणि ती उन्हातान्हातल्या गावांपर्यंत टिकून पोचू लागली. भारतातून देवी १९७५ मध्ये गेली.

पण त्यामुळेच ‘पावडर आहे, तिला काय होतंय’ ही समजूत घट्ट बसली आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात घातक. गोवराच्या कोरड्या लशीने ३७ अंशांवर ७ दिवस राहूनही ठरावीक ताकद टिकवली पाहिजे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. ती कारखान्याची परीक्षा आहे, आपल्याला दिलेली सूट नव्हे. मार्चमध्ये एक दुपार, मेमध्ये दोन रात्री, सगळी उष्णता त्याच बाटलीच्या खात्यावर जमा होते. फ्रीज पुन्हा थंड झाला म्हणून गेलेली ताकद परत येत नाही, आणि पावडर दिसायला तशीच पांढरी राहते. सरकारी पुरवठ्यातल्या बाटलीवर व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारा ठिपका) हा हिशेब दाखवतो: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. खाजगी बाजारातल्या प्रत्येक बाटलीवर तो असतोच असं नाही. तिथे लॉगरच साक्षीदार.

नवीन दवाखान्यात गेलो की आम्ही फ्रीजमध्ये वर, मध्ये, खाली, मागे आणि दारात सेन्सर ठेवून तापमान नोंदवतो. घरगुती फ्रीजचं दार दर उघडझापीला तापतं, आणि फ्रीजरच्या पत्र्याला लागून पारा शून्याखाली जातो. कोरड्या लशीला गोठण्याने इजा होत नाही, पण शेजारी ठेवलेली पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) किंवा हेपेटायटिस बीची बाटली एकदा गोठली की कामातून गेली. म्हणून थंड कोपरा पावडरीच्या बाटल्यांना, द्रवरूप लशी मधल्या कप्प्यात, दारात काहीच नाही, आणि भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटल्या, म्हणजे लाईट गेली तरी थंडावा थोडा टिकतो. खरं तर लशींसाठी बनवलेला फ्रीजच घ्यावा. तो महाग पडतो हे मान्य आहे, तरी मी डॉक्टरांना तेच सांगतो.

डायल्युएंटबद्दल, म्हणजे कोरड्या लशीत मिसळायच्या द्रवाबद्दल, सिस्टरांशी आम्ही मुद्दाम बोलतो. तो बाहेर ठेवला तरी चालतो, म्हणून जागेअभावी कपाटात जातो. पण वापरण्याआधी २४ तास तो फ्रीजमध्ये हवा, आणि ज्या कंपनीची लस त्याच कंपनीचा हवा. काचेची कुपी फुटते म्हणून तो गोठवायचा मात्र नाही. पाणी मिसळलं की कोरडेपणाचं संरक्षण संपतं. मिसळलेली गोवराची लस ३७ अंशांवर तासाभरात जवळजवळ निकामी होते. थंडीत ठेवली तरी ४ तासांनंतर ती टाकून द्यायची, हा आपल्याकडचा नियम.

एका पावसाळ्यात दरडीमुळे चोर्ला घाटात गाडी अडकली आणि रेबीजच्या लशीची पेटी बर्फ वितळून उशिरा पोचली. आमचा लॉगर आत होता. त्याचा आलेख आम्ही वितरकाला दिला, त्याने उत्पादकाकडे पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत पेटीवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून ती फ्रीजमध्येच वेगळी ठेवली. असा माल गुपचूप वापरणं चूक आणि न विचारता फेकणंही चूक. किती उष्णता चालते ते उत्पादकाच्या चाचण्या सांगतात, मेकॅनिकने किंवा दुकानदाराने ठरवायचं नसतं.

आता आमच्याकडे चार मुलं काम करतात. डिचोली, साखळी, वाळपई एकाकडे, पेडणे-म्हापसा दुसऱ्याकडे, मडगाव ते काणकोण उरलेले दोघं बघतात. पावसाआधीची तपासणी मे संपायच्या आत उरकतो: दाराचं रबर, बॅटरीचा बॅकअप, लॉगरची जुळणी. घरगुती गिऱ्हाइकांना त्या महिन्यात थोडं थांबावं लागतं, आणि ते आम्ही आधीच सांगून ठेवतो.