दोन अळ्या आणि एक होमलाइट

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्याला सरपणाची ददात पडू नये, अशी सोय एका अळीने करून ठेवली आहे. हिरव्या चकचकीत अंगाचा, जेमतेम अर्ध्या इंचाचा एक भुंगा आशियातून इकडे आला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून. २००२ साली तो मिशिगनच्या आग्नेय कोपऱ्यात पहिल्यांदा ओळखला गेला. भुंगा स्वतः पानं कुरतडतो, त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. त्याची अळी मात्र सालीखाली नागमोडी वाटा कोरत जाते आणि झाडाचं अन्नपाणी तोडते. ॲशची कोट्यवधी झाडं अशी उभ्या उभ्या वाळली. बेसबॉलच्या बॅटी ज्याच्या करायचे ते हे लाकूड. आमच्या मागच्या अंगणातल्या ॲशची साल हाताने ओढली तरी पट्ट्यापट्ट्यांनी निघते आणि आत त्या अळीचं सगळं नक्षीकाम उघडं पडतं. गुन्हेगाराचं असलं तरी काम सुबक आहे, हे मान्य करावं लागतं.

मेलेला ॲश फार दिवस उभा ठेवू नये. तो ठिसूळ होतो आणि फांद्या काही न सांगता खाली येतात. म्हणून झाड पाडायला मी त्यातली जाणती माणसं बोलावतो. आडव्या झालेल्या खोडाचे तुकडे करणं तेवढं माझ्याकडे. ॲशची रेघ सरळ असते, कुऱ्हाड नीट बसली की ओंडका एका घावात दुभंगतो. एल्मच्या वाटेला मात्र शहाण्याने जाऊ नये. त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की पाचर आत जाते आणि आतच राहते.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हा ती रास बघून म्हणाली, "आपला बंब भंगारात गेला तेव्हा मी सुटले म्हटलं, आणि तू इथं अमेरिकेत बंबफोड रचून बसलायस होय रे!" मग पदर खोचून तिने तपासणी सुरू केली. दोन चिरफळ्या एकमेकींवर आपटून आवाज ऐकला. टण्ण वाजली ती वाळलेली, धप्प वाजली ती ओली. माझ्याकडे लाकडात खुपसून ओल मोजायचं यंत्र आहे. वीस टक्क्यांच्या खाली काटा आला की लाकूड जाळायला तयार. आईने बाजूला काढलेल्या चिरफळ्यांना मी गुपचूप ते लावून पाहिलं आणि यंत्र परत खोक्यात ठेवून दिलं. तिची तक्रार एकच होती, तुकडे फार जाड पाडतोस. इथे लाकूड मापाने विकतात, चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफुटांची एक कॉर्ड, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "हे बरंय. आमचा वखारवाला मणावर द्यायचा, पावसाळ्यात पाण्याचेसुद्धा पैसे लावायचा."

आता चेनसॉबद्दल, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या साखळीच्या करवतीबद्दल. माझा चेनसॉ होमलाइट एक्सएल-१२ जातीचा आहे. हे मॉडेल १९६३ साली आलं. चेन आणि ती जिच्याभोवती फिरते ती पट्टी सोडून बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आत, हीच त्याची जाहिरात आणि हेच त्याचं नाव. हे वजन हलकं का म्हणायचं, तर आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली श्टुटगार्टमध्ये केलेला पहिला विजेवरचा चेनसॉ ६४ किलोंचा होता आणि तो धरायला दोन माणसं लागत. तीन वर्षांनी पेट्रोलवरचा आला, तो ४६ किलोंचा. तिथून एका माणसाच्या हातात मावण्यापर्यंतचा प्रवास ज्यांनी केला त्या पिढीतलं माझं यंत्र. मला ते शेजारच्या आजोबांनी दिलं. ते मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये मोटार सोडून सगळं आहे. भिंतीभर होमलाइट, मॅकलॉक, यॉन्सरेड अशा कंपन्यांचे जुने चेनसॉ. त्यातले निम्मे चालू, उरलेले निम्मे या निम्म्यांच्या सुट्या भागांसाठी.

ज्यांच्या घरी टू-स्ट्रोक चेतक होती, त्यांना या यंत्राची ओळख करून द्यायला नको. तोच निळा धूर, तोच तेलकट वास. आमचे बाबा स्कूटर डाव्या अंगाला कलती करून, दोन-चार किका मारून, शेवटी प्लग काढून पॉलिश पेपरने घासत बसायचे, तीच पूजा इथेही आहे. सुरू होत नाही? मग ठिणगी पाहा, पेट्रोल पाहा, हवा पाहा. चौथं कारण सहसा नसतं. ठिणगी नसेल तर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, काढायचं. त्याच्याखाली पॉइंट असतात, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडायला लावणारी धातूची दोन टोकं. त्यांच्यात ०.०१५ इंच फट हवी. त्यांच्यावर तेलाचा पातळ थर बसतो. तो पुसायला आजोबा कोरं व्हिजिटिंग कार्ड वापरतात. फटीत घालायचं, ओढायचं, काळी रेघ उमटायची थांबली की झालं.

पेट्रोलचं दुखणं जास्त छळतं. या कार्ब्युरेटरमध्ये चेतकसारखा फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, नाही. फ्लोट असता तर सॉ आडवा धरला की बंद पडला असता. त्याच्याऐवजी आत दोन पातळ पडदे आहेत. इंजिनच्या पोटातला दाब खाली-वर होतो त्यावर एक पडदा धडधडतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो, दुसरा लागेल तेवढंच पुढे सोडतो. हा पडदा बोटाने दाबल्यावर मऊ लागायला हवा. कडकड वाजला तर समजायचं, गेला. आणि तो हल्ली लवकर जातो, कारण इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के मक्याचं इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि जुन्या रबराला धड राहू देत नाही. आपल्याकडे ऊस आणि मक्याच्या कृपेने हा आकडा वीसवर गेलाय, तेव्हा जुन्या स्कूटरवाल्यांनी सावध असावं. तळ्याकाठी बोटींसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आजोबा तेवढ्यासाठी कॅन घेऊन जातात. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं यावर आमचं जमत नाही. जुन्या कागदांवर सोळाला एक (सोळा भाग पेट्रोल, एक भाग तेल) लिहिलंय, आजोबा बत्तीसला एकवर ठाम, आणि नव्या तेलाच्या बाटलीचं म्हणणं पन्नासला एक. मी बत्तीसवर आलोय, कारण सुटे भाग त्यांच्याकडे आहेत.

चेनला धार लावणं मात्र मला मनापासून आवडतं. गोल कानस, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच हात. एक दात डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे. आधी डावे सगळे, मग सॉ फिरवून उजवे. धार नीट बसली की खोडातून ढलप्या उडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबायचं, पुन्हा कानस. पूर्वीच्या चेनचे दात सरळ असत, लाकूड कापण्यापेक्षा खरवडतच जास्त. १९४६ साली ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या थंडीच्या तोंडावर सरपण फोडत होता. त्याला एका बुंध्यात बोटाएवढी जाड अळी दिसली. ती रेघेच्या बाजूने आणि रेघेच्या आडवी, दोन्हीकडे सारख्याच मजेत लाकूड खात होती. कशी, ते त्याने निरखून पाहिलं. तिचे वाकडे जबडे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून चालत होते. पुढच्या वर्षी पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात त्याने तसेच दात असलेली चेन विकायला काढली. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक चेन तिच्याच वंशातल्या. म्हणजे लाकूड एका अळीने पुरवलं आणि ते कापायची अक्कल दुसरीने दिली, मधल्या मधे घाम तेवढा माझा.

जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. माझ्या सॉला चेनचा ब्रेक नाही, हादरे थेट मनगटात येतात, आवाज तर विचारू नका. जन्मभर असली यंत्रं धरून आजोबांची दोन बोटं थंडीत पांढरी पडतात, त्यांना हातमोज्यातही ऊब येत नाही. म्हणून होमलाइट फक्त जमिनीवरच्या खोडाला, तेही थोडा थोडा वेळ. अवघड जागी नवा, ब्रेकवाला सॉ. पण नवा बिघडला की त्याचं पोट उघडायची मला छाती होत नाही, आणि होमलाइटचं उघडायला एक स्क्रूड्रायव्हर आणि रविवार पुरतो.

सध्या तो बंद आहे. दोरी ओढली की परत आत जात नाही, स्टार्टरची स्प्रिंग तुटली. आजोबांच्या भिंतीवरच्या एका मेलेल्या एक्सएल-१२मध्ये ती धडधाकट आहे, पण त्यांना तिच्या बदल्यात ॲशची अर्धी कॉर्ड हवी आहे, फोडलेली. जळणाचं लाकूड गाडीत घालून लांब नेऊ नका, भुंगा पसरतो, अशा पाट्या इथे जागोजागी आहेत. शेजारच्या अंगणात न्यायला अर्थातच कुणाची हरकत नाही, तेव्हा ती सबब चालणार नाही. मी पाव कॉर्ड म्हटलंय. पाहू.