सोलापुरातलं ‘सौभद्र’ : परत परत बघणाऱ्यांसाठी

‘संपूर्ण पाच अंकी संगीत सौभद्र’ असं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या जुन्या संगीत नाटकाच्या जाहिरातीत ठळक छापलं होतं, म्हणून आत्याला घेऊन मी लातूरहून सोलापूरला गेले. नांदी, म्हणजे सुरुवातीचं मंगलपद, सुरू झाल्यापासून शेवटचा पडदा पडेपर्यंत झाले पावणेतीन तास, तेही मध्यंतर धरून. पाच अंकी ‘सौभद्र’ पावणेतीन तासांत बसत नाही. ज्यांना ते तोंडपाठ आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, आणि मी लिहितेय ते त्यांच्यासाठीच. पहिल्यांदा बघणाऱ्यांनी खुशाल जावं, त्यांना काही कमी पडणार नाही. बाकीच्यांनी तिकीट काढायच्या आधी चौकशी करावी. काय विचारायचं ते पुढे सांगते.

पदं, म्हणजे नाटकातली गाणी, गाळण्याला माझी हरकत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी मुळात शंभराच्या वर पदं घातली आहेत. १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात पहिला प्रयोग झाला तोसुद्धा तीनच अंकांचा. पाचही अंक रंगभूमीवर यायला पुढचं साल उजाडलं. तेव्हाच्या मंडळ्या रात्री नाटक लावायच्या ते झुंजूमुंजू होईपर्यंत चालायचं. आज नाट्यगृह सत्राच्या हिशोबाने मिळतं, कलाकारांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी उभं राहायचं असतं. कात्री लागणारच. पण मग ‘संपूर्ण’ लिहू नका. ‘निवडक पदांसह’ लिहा. मी तरीही आले असते, फक्त मनाची तयारी करून आले असते.

आणि कात्री कुठे लागली तेही बघा. तिकिटावर वेळ रात्री नऊची. आम्ही पावणेनऊला जागेवर. नऊला पडदा उघडला तो सत्कारासाठी. रंगमंचावर नऊ-दहा खुर्च्या, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रत्येकाची ओळख, मग प्रत्येकाचे ‘दोन शब्द’. मेकअप करून मुकुट चढवलेला कृष्ण विंगेत उभा होता, आमच्या जागेवरून त्याची शेल्याची कड दिसत होती. नांदी सुरू झाली तेव्हा दहाला पाच कमी होते. शाली पांघरायला जवळजवळ तास मिळाला आणि तो तास नाटकातून वळता झाला. हे मला अजून सहन होत नाही.

पहिला अंक उत्तम गेला. नारदाने ‘राधाधर मधुमिलिंद’ चिपळ्यांच्या ठेक्यावर असं उचललं की मागच्या रांगेतूनही ताल सुरू झाला. अर्जुनाचा आवाज थोडा बसलेला होता, पण शब्द स्वच्छ. सुभद्रा दुर्योधनाला देणार हे नारदाकडून कळल्यावरची त्याची तगमग खरी वाटली. इथवर मी खूश होते. साक्या आणि दिंड्या, म्हणजे मोठ्या पदांच्या मधली छोटी, ठरलेल्या चालीची पद्यं, मात्र पहिल्या अंकापासूनच गायब होत्या, त्यांच्या जागी गद्य बोलून मोकळे. हा आजकालचा सरसकट रिवाज आहे आणि तो वाईट आहे. साकी-दिंडी म्हणजे भरताड नव्हे. गोष्ट पुढे सरकते ती त्यातून. ती काढली की दोन मोठ्या पदांच्या मध्ये नुसतं बोलणं उरतं आणि नाटकाचा सूर सारखा खाली उतरतो.

मग आलं ‘प्रिये पहा’. ज्या पदासाठी मी एवढा प्रवास करते ते हे पद. रात्र सरली, उजाडायला आलं असं कृष्ण रुक्मिणीला सांगतो, देसकार रागात. गायक-नट छोटा गंधर्वांचा कृष्ण बघितलेली माणसं आमच्या घरात होती. आत्याच्या लहानपणी घरात त्याच्याच गोष्टी चालायच्या. सोलापूरच्या या कृष्णाचा गळा खरोखर चांगला होता. मुखडा त्याने घाई न करता मांडला, समेवर अलगद आला, दुसऱ्या आवर्तनात एक छोटी, गोल हरकत घेतली. सभागृह सावरून बसलं. ऑर्गनवाल्याने अंतऱ्याचा, म्हणजे मुखड्यापुढच्या कडव्याचा, सूर धरला, आणि तेवढ्यात विंगेतून एक हात बाहेर आला. मनगटावर घड्याळ, दोन बोटांची कैची. तबलजीने मान वर करून ते बघितलं, ऑर्गनवाल्याकडे बघितलं, आणि पद संपवणारी तिहाई लावून टाकली. ऑर्गनवाल्याची बोटं अंतऱ्याच्या पट्ट्यांवर तशीच टेकलेली, खाली पाय भाता मारतोय. कृष्णाने तोंड उघडलेलं होतं ते मिटलं आणि पुढचं वाक्य म्हटलं. अंतरा नाही. ‘नच सुंदरि करूं कोपा’ची गत तीच, एक कडवं आणि पुढे. रुसलेल्या रुक्मिणीला समजवायला कृष्णाला एक मिनिटसुद्धा मिळालं नाही.

आत्या हळूच म्हणाली, “अगं, ही समजूत काढली की नोटीस दिली?” तिला राग आला होता. तिला सहसा येत नाही.

म्हणून चौकशी करायची ती अशी. ‘पूर्ण प्रयोग आहे का’ असं विचारू नका, त्याला तिकीट विकणारा ‘हो’च म्हणतो. विचारायचं की प्रयोगाआधी सत्कार, उद्घाटन, भाषणं आहेत का आणि नांदी किती वाजता. विचारायचं की ‘प्रिये पहा’चा अंतरा घेतात का. साक्या ठेवल्यात का. ऑर्गन आणि तबला समोर बसून वाजणार आहेत की मुद्रित साथ आहे. ही उत्तरं व्यवस्थापकाकडे नसतात. साथीदारांपैकी कुणाचा नंबर मिळाला तर त्यांना विचारा, ते खरं सांगतात आणि कुणीतरी विचारलं म्हणून त्यांना बरंही वाटतं. मध्यंतरात मी ऑर्गनवाल्या काकांना जाऊन भेटले. ते म्हणाले, “ताई, आमची तयारी पूर्ण असते. वेळ देत नाहीत.” सत्कार असेल तर त्या तारखेला जाऊ नका. हे मी ठामपणे सांगते. दुसरी तारीख, दुसरं गाव बघा.

आता दुसरी बाजू. त्या रात्री सुभद्रेचं काम करणारी मुलगी कोण होती ते माहीत नसतानाही मी तिच्यासाठी पुन्हा सोलापूरला जाईन. जुन्या काळी सुभद्रा गाजवणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांपासून या भूमिकेवर केवढं ओझं आहे! ‘वद जाऊं कुणाला शरण’ सुरू करताना ती जागची हलली नाही. हातवारे नाहीत, डोळे पुसणं नाही. पहिली ओळ तिने जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली आणि ‘शरण’वर सूर लावला तो तिथेच ठेवला, हलवला नाही, वाढवलाही नाही. विंगेतला हात पुन्हा आला. या वेळी तबलजीने बघितलंच नाही. खाली मान घालून वाजवत राहिला. पद पूर्ण झालं, ताना झाल्या, आणि ‘वन्स मोअर’ पहिल्यांदा आला तो माझ्या मागून. तिथे एक आजोबा बसले होते, नातवाशी तेलुगूत बोलत होते आणि सगळी पदं मराठीत गुणगुणत होते. त्यांच्या आवाजामागोमाग सगळं सभागृह. तिने पुन्हा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा वेगळं म्हटलं. असा प्रेक्षक पुण्या-मुंबईत मला मिळालेला नाही. सोलापूरकर दाद द्यायला लाजत नाहीत आणि चुकीच्या जागी देतही नाहीत. त्यासाठी तरी इथेच बघा.

जागेबद्दल. सोलापुरात नाटक म्हणजे बहुतेक वेळा पार्क चौकाजवळचं हुतात्मा स्मृती मंदिर. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांच्या नावाने ते आहे. चौकात त्यांचे पुतळे आहेत, लवकर पोचलात तर तिथे जरा थांबा. संगीत नाटकाला पहिली रांग घेऊ नका. साथीदार तुमच्या पायाशी असतात आणि गाणाऱ्याच्या आवाजाआधी तबला कानात भरतो. पाचवी ते आठवी रांग, मधोमध, किंवा ऑर्गनच्या अंगाला. त्या रात्री ऑर्गन आमच्या डाव्या हाताला होता आणि गाणाऱ्याला सूर कसा पुरवतात ते तिथून दिसत होतं. गळ्यातले माइक मी म्हणेन नकोतच, पण ते आता जात नाहीत. स्पीकरच्या सरळ रेषेत बसणं तेवढं टाळा.

आता रिक्षा. दुपारी स्टेशनजवळच्या लॉजवरून पार्क चौकात यायला आम्ही चाळीस रुपये दिले होते. अंतर फार तर दोन किलोमीटर. नाटक सुटलं पाऊण वाजता. बाहेर तीन रिक्षा उभ्या, तिन्हींचा भाव एकच. अडीचशे.

“दादा, दुपारी चाळीस दिले की,” आत्या म्हणाली.

“दुपारचं वेगळं ओ आक्का. आता रिकामं यावं लागतंय. बसायचं तर बसा, नाहीतर राहू द्या.”

दुसऱ्याकडे गेलो, त्यानेही अडीचशेच सांगितले, पहिल्याकडे बघून. मीटरचं नाव काढलं तर हसला. सत्तरीची आत्या, रात्रीचा एक वाजायला आलेला, दोघीच बायका. दिले. रात्री जास्त घेतात हे कळतं, दीडपट घ्या, दुप्पट घ्या. सहापट म्हणजे अडवणूक आहे. नाटक सुटायची वेळ त्यांना पाठ असते आणि बाहेरगावचा माणूस बोलण्यावरून लगेच ओळखू येतो. तेव्हा स्टेशनजवळ उतरूच नका. पार्क चौकातून पायी दहा मिनिटांत पोचता येईल असा लॉज बघा, खोलीचे दोन-तीनशे जास्त गेले तरी ते वसूल होतात. ते जमणार नसेल तर संध्याकाळी ज्या रिक्षाने याल त्याचाच नंबर घेऊन परतीचा भाव तेव्हाच ठरवा आणि मध्यंतरात एकदा फोन करून आठवण द्या. गडीमाणसांनी सरळ चालत जावं, रस्ता सरळ आहे.

रात्री जेवणाच्या भरवशावर राहू नका, नऊच्या प्रयोगाआधी पोटभर जेवून घ्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर बांधून घेतली तर मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहायला नको. जेवण सगळीकडे चांगलंच मिळालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं वेगळं काही नाही. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराचं देऊळ, तळं आणि भुईकोट किल्ला निवांत बघून झाला.

तारीख निवडताना दोन गोष्टी बघा. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, नंदीध्वज निघतात, होम मैदानाचा सगळा भाग माणसांनी फुललेला असतो. यात्रा बघायची तर जरूर या, पण नाटक आणि यात्रा एकाच फेरीत जमवू नका, खोली मिळणार नाही आणि पार्क चौकापर्यंत वाहन येणार नाही. एप्रिल-मे तर सोडूनच द्या. सोलापूरचा उन्हाळा दिवसभर सोसून रात्री तीन तास एका जागी कान देऊन बसणं होत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम.

लातूरकडून येणाऱ्यांना एसटी सोपी आहे, तुळजापूरमार्गे. जाताना काही त्रास नाही. परतीला मंगळवार, शुक्रवार किंवा पौर्णिमा येत नाही ना, एवढं आधी बघा, कारण त्या दिवशी सोलापूरच्या स्टँडवरच तुळजापूरच्या गर्दीने गाडी भरते आणि लातूरपर्यंतचं तिकीट असूनही तुळजापूरपर्यंत उभं राहावं लागतं. आरक्षण करून ठेवा. आणि कोजागरीच्या आसपासचा प्रयोग असेल तर तो घेऊच नका. भवानीला पायी जाणाऱ्यांनी तो रस्ता भरलेला असतो, वाहतूक दुसरीकडून वळवतात आणि दुपारी निघालेला माणूस घरी कधी पोचेल याचा नेम नसतो.