तुम्ही विचारलंत म्हणून: बांगड्याचा उद्याचा भाव

माझी पदवी गणिताची आणि गोव्यातल्या म्हापशात अकरावी-बारावीला शिकवतो अर्थशास्त्र. हे कळलं की कुणीतरी विचारतंच, "एवढी समीकरणं मांडता, मग बांगड्याचा उद्याचा भाव सांगा बघू!"

कधी कधी सांगता येतो. जून-जुलैत ट्रॉलर बंद, आवक घटते, भाव चढतो. श्रावणात अर्धं गिऱ्हाईक सोवळ्यात, मग थोडा उतरतो. इथवर गणित चोख चालतं.

2018च्या जुलैत मात्र मासे टिकवायला फॉर्मेलिन, म्हणजे प्रेतं टिकवायचं रसायन, लावतात अशी बातमी पसरली. नेहमीच्या मासळीवालीनं वाटा निम्म्या भावात पुढे केला. "हात लावन पळय सर, ताजे आसात." मी कल्ले उघडून पाहिले. लालभडक. तरी हात मागे घेतला, आणि मागे घेतला याचं कारण वाटा स्वस्त होता हेच! भाव उतरला की मागणी वाढते, हे आदल्याच आठवड्यात फळ्यावर काढून दाखवलं होतं मी.

आकृती चुकली नव्हती. गिऱ्हाइकाला माल कसा आहे ते ठाऊक असतं, हे आम्ही न बोलता धरून चाललो होतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफनं 1970 साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन नेमकं यावर बोट ठेवलं. तीन नियतकालिकांनी परत केलेला तो लेख. पुढे 2001 साली त्याला नोबेल मिळालं. म्हणजे संशयही गणितात बसवता येतो, पण आधी तो कुणाच्या तरी नजरेला पडावा लागतो.

आणि त्या दिवशी वाटा खराब असण्याची शक्यता किती धरायची होती? फाशाची धरता येते, ही नाही. हा फरक अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइटनं 1921 मध्येच केला होता. मी 0.3 धरली असती तर उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत आलं असतं, आणि दिसलंही असतं अगदी खात्रीचं. मला भीती वाटते ती याच दिसण्याची.

अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत 1865 साली दुसरा आलेला. त्यानं 1906 मध्ये संख्याशास्त्रज्ञ बाउलीला लिहिलं, की गणित लघुलिपीसारखं वापर, मग साध्या इंग्रजीत उतरव, व्यवहारातली उदाहरणं दे आणि गणित जाळून टाक. मी जाळत नाही. बोर्डात आकृतीला गुण असतात.

त्या दिवशी भेंडी घेऊन घरी आलो. आई म्हणाली, "निम्म्या भावात होते, तर आणले का नाहीस?"